खारेपाटातलं कांदळवन : बांधाबाहेर असेल तर राखण, बांधाच्या आत आलं तर अडचण

पेण : पावसाळ्यात अमावास्या-पुनवेचं उधाण आलं की खारेपाटातल्या माणसाला रात्री नीट झोप लागत नाही. खाडीचं पाणी बांधाच्या माथ्याला लागलेलं असतं, वरून पाऊस कोसळत असतो आणि आत भाताची लावणी झालेली असते. अशा वेळी बांध टिकणार की नाही, हे बांधाच्या मातीवर जेवढं, तेवढंच बांधाबाहेर तिवरं उभी आहेत की नाहीत यावरही ठरतं. आणि बांध फुटून तसाच राहिला तर तीच तिवरं आपल्या शेतात उगवतात. मग जमीन सातबाऱ्यावर आपली असते, पण तिच्यात नांगर घालता येत नाही.

अलिबाग, पेण, उरण, पनवेल या भागातल्या खाडीकाठच्या गावांना हा विषय रोजचा आहे. तरीही झाडं कोणती, ती काय करतात, कायदा काय सांगतो आणि बांध फुटला तर पहिल्यांदा कुठे जायचं, याबद्दल गावागावांत अर्धवट माहिती फिरते. म्हणून हा एकत्र लेख. मोबाईलमध्ये जपून ठेवा, कामाला येईल.

किनाऱ्यावरची झाडं तीन तऱ्हेची

किनाऱ्यावरचं सगळंच जंगल एक नसतं. पुळणीच्या वाळूवर मर्यादवेल पसरलेली असते, तिच्या मागे केवडा. ही झाडं वाळू धरून ठेवतात. काशीद, नागावकडे दिसणारं सुरूचं बन मात्र माणसाने लावलेलं आहे, सुरू हे मूळचं आपल्याकडचं झाड नाही. ते वारा अडवतं, पण त्याच्या खाली काड्यांचा थर साचतो आणि दुसरं फारसं काही उगवत नाही. मर्यादवेल आणि केवडा उपटून तिथे सुरू लावणं म्हणूनच शहाणपणाचं नाही.

दुसरी तऱ्हा खाडीच्या वरच्या काठावरची. उंडी, भेंड, करंज ही झाडं खारा वारा सोसतात, पण रोज पाण्यात उभी राहत नाहीत.

तिसरी तऱ्हा म्हणजे कांदळवन. भरतीला पाण्यात आणि ओहोटीला चिखलात उभं राहणारं हे जंगल. आपल्या खारेपाटाशी थेट संबंध आहे तो याचा.

झाडं ओळखा

आपण सगळ्यालाच सरसकट तिवरं म्हणतो. पण त्यात बरीच जात आहे.

तिवर : आपल्याकडे सगळ्यात जास्त हेच. चिखलातून पेन्सिलीसारखी टोकं वर आलेली दिसतात, ती त्याची श्वास घेणारी मुळं. चिखलात हवा नसते म्हणून मुळं वर येतात. पान चाटून बघा, खारट लागेल. जास्तीचं मीठ हे झाड पानातून बाहेर टाकतं.

कांदळ : खोडातून कमानीसारखी मुळं खाली उतरलेली असतात. बी झाडावरच रुजतं आणि लांब शेंगेसारखं लोंबतं. खाली पडलं की चिखलात रुततं किंवा तरंगत दुसरीकडे जातं.

चिप्पी : खाडीच्या तोंडाकडे, पाण्याच्या जवळ वाढते. पांढरी चिप्पी २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली.

हुरी : काही ठिकाणी गेवा म्हणतात. हिचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. मुलांना सांगून ठेवा.

मारांदी : काटेरी पानांचं झुडूप, निळसर जांभळी फुलं. वरच्या अंगाला, गोडं पाणी मिसळतं तिथे जास्त.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन नोंदलेलं आहे. देशाचा आकडा ४,९९२ चौरस किलोमीटर.

ही झाडं काय काम करतात

पहिलं काम लाट मोडण्याचं. लाट मुळांच्या जाळीतून येते तेव्हा तिचा जोर कमी होतो आणि पाण्यातला गाळ तिथेच बसतो. गाळ बसला की बांधाचा पाया उंच आणि घट्ट राहतो. झाडं गेली की तोच गाळ निघून जातो, लाट थेट बांधाच्या पायाला लागते आणि बांध खालून पोकळ होतो. वरून बघितलं तर काही कळत नाही.

दुसरं काम मासळीचं. कोळंबी, जिताडा, बोय, चिंबोरी यांची पिल्लं लहानपणी या मुळांच्या आडोशाला राहतात, कारण मोठा मासा तिथे शिरू शकत नाही. गळणारी पानं कुजतात, त्यावर बारीक जीव वाढतात आणि पिल्लांना खायला मिळतं. निवट्या तर तिथलाच रहिवासी. खाडीत पागेरं घेऊन जाणाऱ्याला हे सांगायला नको. तिवरं तुटली त्या बाजूला जाळ्यात काय येतं, हे तो आपल्यापेक्षा चांगलं जाणतो.

बांध, उघाडी आणि खांड

खारभूमीची शेती म्हणजे खाडीच्या हद्दीतून मागच्या पिढ्यांनी हाताने काढलेली जमीन. बाहेरून मातीचा बांध आणि त्याला उघाडी. उघाडीचं दार ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडतं आणि भरती आली की पाण्याच्याच दाबाने बंद होतं. हे एवढं नीट चाललं तर आत भात पिकतो.

ही जमीन फुकटात मिळालेली नाही. याच खारेपाटात चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने खोतांविरुद्ध १९३३ पासून सहा वर्षं संप केला. जमिनी पडीक ठेवल्या, हाल काढले, पण मागे हटले नाहीत. ज्या जमिनीसाठी आजे-पणजे एवढे झगडले, ती आज बांधाला वेळेवर चार पाट्या माती न पडल्यामुळे जाते, हे खरं दुखणं आहे.

बांधाला भोक पडून पाणी आत घुसतं त्याला आपण खांड गेली म्हणतो. कारणं ठरलेली आहेत. चिंबोऱ्यांची बिळं बुजवलेली नसतात. उघाडीची फळी कुजलेली असते. खाडीतून जाणाऱ्या मोठ्या बार्जच्या लाटा पायाला लागतात. आणि बाहेरची तिवरं सरपणासाठी नाहीतर होडी लावायला जागा म्हणून तोडलेली असतात.

आमचंच सांगतो. आमच्या तीस गुंठ्यांच्या समोर बांधाबाहेर तिवराची चांगली दाट पट्टी होती. ती गावातल्याच लोकांनी थोडी थोडी करून तोडली, त्यात आमच्या घरची कोयतीही होती, खोटं कशाला बोलू. दोन पावसाळे काही झालं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात उधाणाला बारा-तेरा हात खांड गेली. भात गेलाच. कार्यालयात गेलो तर पुढच्या वर्षी बघू म्हणाले. आम्ही भावकीतही तू बांध, मी बांध करत बसलो. पुढच्या वर्षी खांड तिप्पट झाली. भरतीबरोबर तिवराचं बी आत आलं, रुजलं, आणि आता तिथे माणसाच्या उंचीची झाडं आहेत. आई अजून बांधावर उभी राहिली की त्या बाजूला बघत नाही.

यातली शिकण्यासारखी गोष्ट एकच. खारं पाणी आत येत राहिलं की शेताची खाडी होते आणि खाडीत कांदळवन येणारच. झाडाचा यात दोष नाही. खांड पहिल्याच वर्षी बांधली आणि पावसाने जमीन धुतली, तर शेत परत हाती येतं. उशीर केला तर येत नाही.

कायदा काय सांगतो

मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी कांदळवन तोडायला आणि त्यापासून ५० मीटरच्या आत भराव किंवा बांधकाम करायला मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने सांगितलं की कांदळवन नष्ट करणं हे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर, म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ वर, घाला आहे.

आपल्यासाठी त्यातला महत्त्वाचा मुद्दा असा : कांदळवनाची जमीन कुणाच्याही मालकीची असो, ती वन म्हणून धरली जाते. म्हणजे शेत माझं, सातबारा माझा, म्हणून मी तोडतो, हे चालत नाही. मोठ्या सरकारी प्रकल्पालाही सूट नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार कांदळ तोडायचे होते, तेव्हा उच्च न्यायालयात जावं लागलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

रात्री तोडलं तर कोण बघतंय, असं काही जण म्हणतात. उपग्रहाच्या चित्रांवरून कांदळवनाचे नकाशे तयार झालेले आहेत. कुठे हिरवं होतं आणि आता नाही, हे घरबसल्या कळतं. गुन्हा दाखल झाला की तारखा शेतकऱ्यालाच पडतात.

बांध सरकारी हलगर्जीने फुटला तरी नुकसान शेतकऱ्याचं आणि झाडाची राखणही त्याच्याच गळ्यात, ही खारेपाटातली तक्रार खरी आहे. ती ग्रामसभेत ठराव करून लेखी मांडायला हवी. पण कोयता हे त्याचं उत्तर नाही. त्याने जमीन परत मिळत नाही, उलट उरलेला बांधही उघडा पडतो.

खांड गेली तर लगेच काय करायचं

१. त्याच दिवशी मोबाईलवर फोटो आणि व्हिडिओ काढा. खांड, आत आलेलं पाणी आणि पीक तिन्ही दिसू द्या. लोकेशन चालू ठेवा.

२. तलाठ्याकडे लेखी अर्ज देऊन पंचनामा मागा. समुद्राचं उधाण ही राज्य शासनाने आपत्ती म्हणून धरलेली आहे, त्यामुळे हे पावसाचं नुकसान नाही म्हणून परत पाठवलं तर हे दाखवून द्या. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

३. आपला बांध सरकारी खारभूमी योजनेत आहे की खाजगी, हे खारभूमी विभागाकडे विचारा. विभागाचं कार्यालय पेणला आहे. सरकारी योजनेतल्या बांधाची दुरुस्ती विभागाने करायची असते. खाजगी असेल तर गावाने ठराव करून योजनेत घेण्याची मागणी करावी लागते.

४. दुरुस्ती करताना मशीन कांदळवनातून न्यायचं असेल तर आधी वन विभागाला लेखी विचारा. परवानगीशिवाय काम केलं तर चांगल्या कामातही गुन्हा अंगावर येतो.

५. माती बांधाच्या पायाला लागून चर मारून काढू नका. बांध पुढच्या वर्षी त्याच चरात बसतो.

६. खारं पाणी निघाल्यावर पावसाचं पाणी शेतात साठवून उघाडीतून दोन-तीन वेळा सोडा, मीठ धुतलं जातं. बियाणं खारपड जमिनीचं घ्या. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे भाताचे वाण त्यासाठीच काढलेले आहेत.

आणि खांड जायची वाट बघू नका. मे महिन्यात गावाने एकदा बांधावरून चालत जावं, बिळं बुजवावीत, उघाडीची फळी बघावी.

कांदळवनातून उत्पन्न

राज्याच्या वन विभागाने २०१२ मध्ये कांदळवनासाठी वेगळा कक्ष केला. २०१७ पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना सुरू आहे. यात गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती करावी लागते. तिच्यामार्फत खेकडापालन, कालवं आणि शिणाणेपालन, पिंजऱ्यातली मासळी, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन, सुधारित भातशेती असे उद्योग करता येतात. योजनेत गटाला खर्चाच्या ९० टक्के आणि खाजगी कांदळवन असलेल्या व्यक्तीला ७५ टक्के मदत ठरलेली आहे. ज्यांच्या शेतात आधीच तिवरं आली आहेत त्यांनी हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाचे नियम कांदळवन कक्षाकडून तपासून घ्या.

हे होतं का, असं विचाराल तर सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. झाड न तोडता त्यातून चार पैसे येतात. आपल्याकडे जिताडा आणि चिंबोरी यांना गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागत नाही, मुंबई समोर आहे.

लावायचं असेल तर

बांधाबाहेरची पट्टी विरळ झाली असेल तर लागवड करता येते, पण फोटोपुरती लागवड वाया जाते. भरतीचं पाणी रोज किती वेळ थांबतं, हे बघून जात निवडावी लागते. चिप्पीच्या जागी दुसरं आणि तिवराच्या जागी कांदळ लावून चालत नाही. पक्षी उतरतात ती उघडी चिखलाची जागा तशीच सोडावी, ती ओसाड नसते. बऱ्याच ठिकाणी पाण्याचा अडलेला मार्ग मोकळा केला आणि गुरं आत जाऊ दिली नाहीत, तर बी आपोआप येऊन रुजतं.

आमच्या बांधाबाहेर आता पुन्हा गुडघाभर तिवरं आली आहेत. भावकीने मिळून ठरवलंय, तिकडे गुरं सोडायची नाहीत आणि कोयता न्यायचा नाही. गेलेले तीस गुंठे परत येणार नाहीत, पण त्यांच्या शेजारचे दोन एकर अजून आत आहेत. येत्या मे महिन्यात आम्ही बांधावरून फिरणार आहोत. तुमच्या गावानेही फिरावं.