आप्पांची फ्लॉपी

मंडळी, आज थोडा घरगुती इतिहास. निमित्त आहे एका फ्लॉपीचं.

माझे वडील, म्हणजे आप्पा, १९९८ साली निवृत्त झाले आणि घरच्या आठवणी संगणकावर उतरवू लागले. त्या काळी मराठी लिहायचं म्हणजे कुठूनतरी एक फाँट मिळवायचा, कोणतं अक्षर कुठल्या कळेवर आहे त्याची झेरॉक्स समोर चिकटवायची आणि एका बोटाने सुरुवात करायची. आप्पांनी असं साठ पानं लिहिलं. चिकाटी त्यांची!

गंमत म्हणजे संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतंच. त्या फाँटांमध्ये जेमतेम २५६ जागा. इंग्रजी अक्षरांच्या नि चिन्हांच्या घरांत अर्धा क, काना, मात्रा असे तुकडे नेऊन बसवलेले. यंत्राला दिसायची रोमन अक्षरांची खिचडी, वरचा मुखवटा फक्त देवनागरीचा. त्यातही प्रत्येक फाँटवाल्याचा मुखवटा निराळा! कुणाला ईमेल पाठवायची तर सोबत फाँटही पाठवा. वर्तमानपत्राच्या साइटवर जा, तर आधी त्यांचा फाँट उतरवून घ्या. अमुक शब्द कुठे आलाय हे शोधणं तर विसराच.

बरं, तोडगा नव्हता असंही नाही. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक १९९१ साली ठरलं होतं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरीला १२८ स्वतंत्र घरं मिळाली. 'क' म्हणजे 'क'च, जगात कुठेही. पण कागदावरचं मानक घरात पोचायला वेळ लागतो. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली; एक्सपीमध्ये ती असूनही मुद्दाम चालू करावी लागे, सीडी शोधून. नाहीतर पडद्यावर नुसते चौकोन. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडात २००८ साली आलं, तोवर आपण सगळे अ आणि चंद्राची जोडाजोड करत होतो. आठवतंय ना?

मी मात्र अडून बसलो होतो. 'मंगल' फाँटची ती अक्षरं मला रुक्ष वाटायची. आप्पांचा फाँट कसा, छापल्यासारखा! २००९ मध्ये आप्पा गेले. त्यांचं लिखाण आहे तसं राहावं म्हणून मी तो जुना संगणक माळ्यावर जपून ठेवला. जपलं कसलं, कोंडून ठेवलं. दहा वर्षांत एकाही माणसाने ते वाचलं नाही, मीसुद्धा नाही.

२०१९ मध्ये भाची म्हणाली, "मामा, आजोबांचं लिखाण मला मोबाइलवर पाठव ना." संगणक काढला, तर तो सुरूच होईना. फ्लॉपी होती, पण ती घालायची कशात? सोनीनेसुद्धा २०११ मध्ये फ्लॉपी विकणं बंद केलं होतं. शेवटी यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह मागवला. एक फ्लॉपी गेलेलीच निघाली, चौदा पानं कायमची गेली. हे माझ्या हट्टापायी, दुसऱ्या कुणाला बोल लावता येणार नाही. दुसरी मात्र उघडली. मजकूर एका परिवर्तकातून युनिकोडात आणला आणि रात्री दीडपर्यंत वाचत बसलो.

जुन्या फाँटात र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकत, युनिकोडात ती नंतर येते. ते परिवर्तकाने नीट सांभाळलं. पण आपला मराठी अर्धा र त्याला कळलाच नाही. सगळीकडे सरसकट रफार! 'दऱ्याखोऱ्या'ची 'दर्याखोर्या' झाली. आणि आप्पांच्या लग्नाच्या प्रकरणात वाक्य आलं, "मांडवातच आचार्यांशी दादांचं कडाक्याचं भांडण झालं."

आमचे आजोबा इतके सोवळ्यातले, आणि ते आचार्यांशी भांडले? आईला फोन लावला. ती हसतच सुटली.

"अरे आचारी! आचाऱ्याशी! पहिल्याच पंगतीत जिलब्या संपल्या होत्या. आणखी काय लिहिलंय त्यांनी? वाच की."

मी वाचत गेलो, ती मधेमधे दुरुस्त करत गेली. अजून अकरा पानं राहिली आहेत.