मिरचीविना जेवण : ‘मानसोल्लास’ आणि बडोद्यातला एक रविवार

आपल्या मंडळाच्या बैठकीत आजवर वाडे झाले, मोडी कागद झाले, नाणी झाली. स्वयंपाकघर मात्र राहून गेलं होतं. म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही दहा-बारा मित्रमंडळींनी एक उद्योग केला. बाराव्या शतकातल्या एका ग्रंथात वाचायचं, घरच्या गॅसवर रांधायचं आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. त्या रविवारचा हा वृत्तांत. शेवटी जेवणापेक्षा वेगळंच काहीतरी माझ्या हाती लागलं, तेही सांगतो.

ग्रंथ म्हणजे ‘मानसोल्लास’. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर तो आहे आणि साधारण ११२९ सालचा मानतात. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. ग्रंथ संस्कृतात आहे. पाच विंशती, एकूण शंभर अध्याय, आणि राजाला लागेल ते सगळं त्यात आहे : राज्य कसं मिळवावं इथपासून हत्ती, संगीत, खेळ इथपर्यंत. तिसऱ्या विंशतीत ‘अन्नभोग’ नावाचं प्रकरण येतं. आमचा स्वयंपाक त्यातला.

हा ग्रंथ निवडायला आणखी एक कारण होतं. तो छापला गेला आपल्या बडोद्यात. सयाजीराव महाराजांच्या काळात सुरू झालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादित केलेला पहिला खंड १९२५ साली निघाला, आणि अन्नभोग ज्यात आहे तो दुसरा खंड १९३९ साली. कल्याणीच्या राजाचा मुदपाकखाना बडोद्याने जगापुढे मांडला, आणि बडोद्यातल्या आम्ही कुणीही त्यातला एक पदार्थ चाखलेला नव्हता. बरं दिसत नव्हतं ते!

नियम एकच ठरवला. सोमेश्वराच्या वेळी इथे जे नव्हतं, ते भांड्यात पडायचं नाही. ऐकायला सोपं आहे. पोर्तुगीज जहाजं १४९८ नंतर इकडे येऊ लागली आणि त्यानंतरच्या दोन-तीनशे वर्षांत अमेरिकेतली पिकं आपल्याकडे आली. यादी करायला बसलो तर ताट रिकामं होत चाललं. मिरची गेली. बटाटा, टोमॅटो गेले. शेंगदाणा, काजू, मका, लाल भोपळा, फरसबी, पेरू, पपई, चिकू, सीताफळ, सगळं गेलं. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, “मग उपासाचं करा की, ते तरी जुनं असेल.” पण साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून, तो कंद अमेरिकेतला, आणि सेलमकडे साबुदाण्याचे कारखाने सुरू झाले १९४० च्या दशकात. शेंगदाणा, बटाटा, रताळं तिकडचंच. राजगिऱ्याचा दाणासुद्धा तिकडचा. एकादशीचं सगळं ताट परदेशी निघाल्यावर काकू जरा रागावल्याच. मग म्हणाल्या, “चालायचंच. पांडुरंगाने कधी तक्रार केली नाही ना?”

रताळ्यावरून आठवलं. खंडेराव मार्केटमध्ये मी सवयीने “रताळू आहे का?” म्हणून विचारलं. भाजीवाल्या बेनने जांभळा कंद काढून दिला. गुजरातीत रताळू म्हणजे जांभळा कंद, आणि आपलं रताळं म्हणजे त्यांचं शक्करियां. बडोद्यात तीन पिढ्या काढूनही ही गफलत होते. या वेळी मात्र ती पथ्यावर पडली, कारण कंद आपल्या बाजूचा जुना आणि रताळं नवं. मग सुरण, वांगी, दुधी, पडवळ, वालपापडी असं सगळं घेतलं. आमच्या गुजराती शेजाऱ्यांनी त्याचं बटाट्याशिवायचं, हिरव्या मिरचीशिवायचं उंधियुं करायचं पत्करलं. ते काही मानसोल्लासातलं नव्हे, पण नियमात बसत होतं.

तिखटाचं काम मिरी आणि आलं यांच्यावर आलं. अन्नभोगात हिंग, हळद, जिरं, मोहरी, सैंधव आणि मिरी पुन्हा पुन्हा भेटतात. संस्कृतात मिरीला मरीच म्हणतात, गुजरातीत मरी. नवं फळ आलं तेव्हा लोकांनी जुन्याचंच नाव त्याला थोडं बदलून दिलं : मिरीवरून मिरची, मरीवरून मरचुं. पाहुणा आला आणि घराण्याचं नाव लावून घरातलाच झाला.

आता प्रयोगांकडे वळू. पहिला ‘इड्डरिका’. नावात इडली दिसते म्हणून सगळे खूश होते. पण तिच्यात तांदूळ नाही, वाफवणंही नाही. उडदाच्या पिठाचे लहान गोळे तुपात तळायचे आणि वर मिरपूड, जिरेपूड, हिंग घालायचा. अर्धा किलो डाळ पाच तास भिजवून वाटली. पहिला घाणा वरून लाल, आतून कच्चा. आच कमी केली, गोळे सुपारीएवढे केले, तेव्हा जमले. चवीला इडलीपेक्षा मेदूवड्याच्या जवळचे. मुलांनी ताटात पडायच्या आधीच निम्मे संपवले.

दुसरा मांडे. आमच्यातली एक वहिनी बेळगावची. तिकडे मांडे आजही होतात, पण घरोघरी नव्हे, करणारे हात ठरलेले आहेत. मानसोल्लासातला ‘मण्डक’ तोच : गव्हाची धुतलेली, दळलेली, चाळलेली कणीक, तूप घालून मळलेली, हातावर पसरत नेऊन तापलेल्या खापरावर भाजलेली. खापर नव्हतं, म्हणून लोखंडी कढई पालथी घातली. पहिला मांडा हातातच फाटला, दुसरा कढईवर, तिसऱ्याला वहिनींनी सरळ पोळीसारखं लाटलं. “आजवर मनातले मांडे खाल्ले, आज हातातले फाटके खा,” म्हणाल्या. ग्रंथात कृती आहे, पण किती ताणल्यावर थांबायचं ते मनगटाला कळतं. ते श्लोकात मावत नाही.

तिसरं, मुगाचं वरण. हळद, सैंधव, हिंग, वरून बारीक चिरलेलं आलं. माझ्या आईने एक चमचा तोंडात घातला आणि म्हणाली, “अरे, हे तर बाळंतिणीचं वरण!” मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मिरची घरात शिरली, सणाच्या ताटावर, रोजच्या कालवणात बसली. पण आजारी माणूस आणि बाळंतीण यांच्या ताटापाशी ती थांबली. नऊशे वर्षांपूर्वीचा स्वयंपाक शोधायला आम्ही ग्रंथालयात गेलो होतो, आणि तो आईच्या हाताखाली मिऱ्या-सुंठीच्या डब्यात होता.

शेवटी गोड म्हणून शिखरिणी, म्हणजे आपल्या श्रीखंडाची आजी. ती मात्र कुणाला नवी वाटली नाही.

पानं मांडली. वाढणं चालू असताना मी अन्नभोगातला मांसाचा भाग मोठ्याने वाचला. आमच्यातले बरेच जण शाकाहारी, त्यामुळे तो नुसता ऐकायचा होता. त्यात भाजलेलं मांस आहे, कासव आहे, आणि शेतातले, नदीकाठचे उंदीरही आहेत. गरम तेलात धरून केस काढायचे, धुवायचे, तुकडे करून शिजवायचे किंवा निखाऱ्यावर भाजायचे. राजाच्या ताटातला पदार्थ. सगळे “अय्या” करून हसले.

एक मित्र हसला नाही. त्याचे आजोबा सोलापूरकडून इथल्या गिरणीत कामाला आले होते. तो शांतपणे म्हणाला, “माझी आजी चान्या करायची. मांस वाळवून ठेवलेलं. शाळेत मी कधी कुणाला सांगितलं नाही. राजाने उंदीर खाल्ला तर तो ग्रंथ होतो, आणि आम्ही खाल्लं तर आमची जात निघते.”

कुणाला उत्तर सुचलं नाही. त्याच्या म्हणण्याला आपल्या गावातच पुरावा आहे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली इथे नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढलं. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा विचारला. एकाने सांगितलं की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत, म्हणजे आपल्या सयाजीबागेत, बसून राहिले. संकल्पभूमी ती हीच. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. सयाजीरावांसारखा राजा होता, १९०६ साली सगळ्या संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू करणारा. फर्मानाने शाळा उघडते, मित्राच्या घराचं दार उघडत नाही. पंगतीचा इतिहास लिहायचा तर तो पदार्थांवरून नव्हे, या दारावरून सुरू करायला हवा.

मग त्या मित्राने आणलेला डबा उघडला. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा असं ठरलं होतं, त्याने हुलग्याचं माडगं आणलं होतं. हुलग्याचं पीठ, गूळ, सुंठ, पाणी, बस्स. रंग मातकट, म्हणून मुलांनी आधी नाकं मुरडली. मी मात्र मनातल्या मनात खजील झालो. दख्खनमधल्या नवाश्मयुगीन वसाहतींच्या उत्खननांत जळालेले दाणे सापडतात, त्यांत मूग आहे आणि हुलगा आहे. सोमेश्वराच्या आधी तीन-साडेतीन हजार वर्षं इथला माणूस हुलगा शिजवत होता. म्हणजे त्या दिवशीच्या पानावरचं सगळ्यात जुनं धान्य राजाच्या ग्रंथातून आलं नव्हतं. ज्या घराला पाककृती कुणी कधी विचारली नाही, त्या घरातून ते आलं होतं.

“आजीने कुठे लिहून ठेवलंय का?” आईने विचारलं. तो म्हणाला, “मावशी, तिला लिहिता येत नव्हतं. आणि आलं असतं तरी छापलं कुणी असतं?”

अलीकडे शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, तेव्हा २०१५ साल उजाडलं होतं. आणि मानसोल्लासातच एक उल्लेख आहे, तो मला आता वेगळा वाचावासा वाटतो. संगीताबद्दल बोलताना सोमेश्वर सांगतो की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. राजवाड्यापर्यंत त्यांचं गाणं पोहोचलं. त्या काय कांडत होत्या आणि घरी जाऊन काय शिजवत होत्या, ते मात्र कुणी टिपलं नाही.

माडगं शेवटी सगळ्यांनी घेतलं, मुलांनीसुद्धा. आईने त्या मित्राला बसवून घेऊन कृती उतरवून घेतली : एक वाटी पीठ, पाच वाट्या पाणी, पीठ आधी गार पाण्यात कालवायचं म्हणजे गुठळ्या होत नाहीत, गूळ आवडीप्रमाणे, मंद आचेवर ढवळत राहायचं. ती वही आता मंडळाच्या कपाटात ठेवायची असं ठरलंय. पहिल्या पानावर इड्डरिका नाही, हुलग्याचं माडगं आहे.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या घरातली एक कृती लिहून आणा, एवढीच विनंती. आजी-मावशीला विचारून, त्यांच्या शब्दांत. वाटी कोणती, आच किती, कुणाला वाढायचे आणि कुणाला वाढत नव्हते, तेही लिहा.