फोनचं अपडेट डाऊनलोड होता होता अडकलं, तर काय करायचं?

सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत माझ्याच फोनचं अपडेट अडकलं होतं. नवीन अँड्रॉइड आलंय असं नोटिफिकेशन दिसलं, मी बटण दाबलं अन् कामाला लागलो. संध्याकाळी बघतो तर आकडा ७० टक्क्यांवर ठप्प. दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथंच. तालुक्याला जायचंच होतं, म्हणून एका मोबाईल दुकानात दाखवला. त्या गड्यानं दोन मिनिटं फोन खालीवर केला अन् म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागंल, तीनशे रुपये."

फोनमध्ये पाण्यात उभ्या राहिलेल्या सोयाबीनचे फोटो होते, पंचनाम्याच्या वेळी दाखवायला काढलेले. दुसरीकडं कुठंच ठेवलेले नव्हते. मी फोन खिशात घातला अन् घरी आलो. पुतण्यानं स्क्रीन बघितली अन् हसायलाच लागला. "काका, काल तुमचा दिवसाचा पॅक संपला होता. रात्री बारानंतर नवा सुरू झाला, पण हे रिझ्यूमचं बटण कोण दाबणार?" बटण दाबलं, अर्ध्या तासात काम झालं.

हिशोब साधा होता. अपडेटची फाईल दोन जीबीच्या थोडी वर, अन् माझा पॅक रोजचा दीड जीबीचा. म्हणजे सत्तरीच्या आसपास ते अडकणारच होतं. पॅक संपल्यावर नेट पूर्ण बंद होत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. कित्येक प्लॅनमध्ये स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. त्या स्पीडनं एक जीबी उतरवायला जवळपास ३५ तास लागतात. व्हॉट्सअॅपचा साधा मेसेज तेवढ्यात जातो, म्हणून आपण म्हणतो नेट तर चालू आहे. म्हणून अपडेट सुरू करण्याआधी फाईल किती मोठी आहे ते वाचा, त्याच स्क्रीनवर लिहिलेलं असतं. अन् आजचा किती डेटा शिल्लक आहे तेही बघा.

आधी हे ओळखा: डाऊनलोड अडकलंय की इन्स्टॉल?

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. डाऊनलोड म्हणजे फाईल फोनमध्ये उतरवणं. बी-बियाणं घरात आणून ठेवलंय, पेरणी अजून झालेली नाही, असं समजा. या वेळी अपडेट थांबलं, पॅक संपला, रेंज गेली किंवा फोन बंद करून चालू केला, तरी फोन बिघडत नाही. फाईल पूर्ण आहे का अन् कंपनीचीच आहे का, हे तपासल्याशिवाय फोन ती बसवतच नाही. त्यामुळं या टप्प्यावर फॉरमॅट मारायची गरज सहसा पडत नाही.

इन्स्टॉलचं मात्र वेगळं. "इन्स्टॉलिंग" असं दिसत असेल किंवा फोन बंद होऊन काळ्या स्क्रीनवर टक्के पळत असतील, तर हात लावू नका. अर्धा-पाऊण तास गेला तरी जाऊ द्या. फोन चार्जरला लावून ठेवा, अन् लाईट जायच्या वेळी हे काम काढूच नका. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून अशी सोय आली की नवीन सिस्टीम बाजूला दुसऱ्या कप्प्यात बसते अन् ती चालली नाही तर फोन जुन्यावर परत येतो. पण ही सोय सगळ्याच फोनमध्ये नाही, तिच्या भरवशावर राहू नका.

अपडेट नेमकं कुठं असतं ते प्रत्येक कंपनीचं निराळं. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज उघडून खाली गेलं की "सॉफ्टवेअर अपडेट" दिसतं. मोटोरोलात ते "सिस्टीम"च्या आत आहे. रेडमीत "अबाऊट फोन"मध्ये जाऊन व्हर्जनवर बोट ठेवावं लागतं. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत "अपडेट" टाईप करा.

जागा आहे का?

पॅकनंतरचं दुसरं मोठं कारण म्हणजे भरलेला फोन. फाईल दोन जीबीची असली तरी ती उलगडून बसवायला त्याहून जास्त जागा लागते. मी तरी निदान दुप्पट मोकळी ठेवतो. सेटिंग्जमध्ये "स्टोरेज" उघडा म्हणजे किती शिल्लक आहे ते कळंल. आपल्याकडं जागा कोण खातंय हे सांगायची गरज नाही. गुड मॉर्निंगची फुलं, वाढदिवसाचे बॅनर, कीर्तनाचे व्हिडिओ, अन् एकच व्हिडिओ पाच ग्रुपवरून पाच वेळा. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये "स्टोरेज अँड डेटा", त्यात "मॅनेज स्टोरेज" केलं की सगळ्यात मोठ्या फाईली वर दिसतात. तिथून पुसा. पुसताना आपल्या कामाचं काही जात नाही ना ते बघा. अन् गॅलरीत पुसलेलं आधी "ट्रॅश"मध्ये जातं, तोवर जागा मोकळी होत नाही. तिथूनही काढावं लागतं.

हॉटस्पॉटची गंमत

घरात वायफाय नाही, म्हणून पोराच्या फोनचा हॉटस्पॉट घेऊन अपडेट लावायचं, हे आपण सगळेच करतो. पण वायफाय दिसत असूनही फोन "वायफायची वाट बघतोय" म्हणत बसतो. कारण अँड्रॉइडला कळतं की हे दुसऱ्या मोबाईलचं, मोजून मिळणारं नेट आहे. त्याला "मीटर्ड" म्हणतात. मोठी फाईल त्यावर उतरवायची नाही, असं फोन स्वतःच ठरवतो. त्यासाठी वायफायच्या सेटिंग्जमध्ये त्या हॉटस्पॉटच्या नावावर जा, नेटवर्क युसेज किंवा मीटर्डचा पर्याय शोधा अन् "अनमीटर्ड" करा. हे केल्यावर हॉटस्पॉट देणाऱ्याचा पॅक उडणार, त्याला आधी विचारा. नाहीतर घरात भांडण.

शक्य असेल तर ज्याच्याकडं फायबर आहे अशा शेजाऱ्याच्या किंवा पाहुण्यांच्या घरी अर्धा तास बसा. तेही नसेल तर पहाटे चार-पाचला लावा. टॉवरवर गर्दी नसते अन् दिवसाचा पॅकही नवा असतो. संध्याकाळी जेवणानंतर मात्र सगळं गाव रील बघत असतं, तेव्हा नाद करू नका.

पॅकही आहे, जागाही आहे, तरी हलत नसंल तर फोन एकदा बंद करून चालू करा, निम्मी कामं एवढ्यानंच होतात. डेटा सेव्हर अन् बॅटरी सेव्हर बंद करा. बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या. व्हीपीएन चालू असंल तर तेही बंद. तारीख-वेळ "ऑटोमॅटिक"वर आहे का बघा. तारीख चुकीची असली की कंपनीचा सर्व्हर अन् फोन यांचा एकमेकांवर विश्वास बसत नाही अन् डाऊनलोड सुरूच होत नाही. एवढं करूनही नाही झालं तर सेटिंग्जमध्ये "अॅप्स", तिथं सिस्टीम अॅप्स दाखवायला सांगून सॉफ्टवेअर अपडेटचं अॅप उघडा, "स्टोरेज"मध्ये "क्लिअर कॅशे" दाबा. शेजारीच "क्लिअर डेटा" असतं, त्याला हात नको. मग अपडेट पहिल्यापासून लावा.

फॉरमॅटला हो म्हणण्याआधी

एवढ्यानंही जमलं नाही तर दोन-चार दिवस थांबा. जुन्या सिस्टीमवर फोन चालतोच आहे. नंतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर न्या, ते कॉम्प्युटरला जोडून अपडेट मारतात.

तिथंही फॉरमॅटचाच विषय निघाला तर आधी फोटो पेनड्राईव्हवर किंवा मेमरी कार्डवर घ्या. गूगल खात्यात १५ जीबी जागा फुकट असते, तिथंही ठेवता येतात. व्हॉट्सअॅपचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. अन् एक गोष्ट हमखास राहते: फोनमधलं जीमेल खातं कुणाचं आहे? आपल्याकडं नवीन फोन घेतला की दुकानदारच जीमेल काढून देतो, पासवर्ड त्यालाच माहीत, मग तोही विसरतो. बटणं दाबून फॉरमॅट मारलेला फोन चालू होताना तेच जुनं खातं किंवा जुना लॉक मागतो. चोरीचा फोन वापरता येऊ नये म्हणून ही सोय आहे, पण अडकतो आपणच. म्हणून आजच सेटिंग्जमध्ये "गूगल" उघडून ईमेल बघा अन् वहीत लिहा. पासवर्ड आठवत नसंल तर फोन चालू आहे तोवर बदलून घ्या.

अन् व्हॉट्सअॅपवर "नवीन अँड्रॉइड अपडेट" म्हणून एपीके फाईल आली तर ती उघडू नका. सिस्टीमचं अपडेट सेटिंग्जमधूनच येतं, ग्रुपवरून येत नाही. चुकून उघडली अन् खात्यातून पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन लावा अन् बँकेलाही कळवा.