वर्गात वाळीत टाकलेलं मूल
वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आपण गावात ऐकलंय. दक्षिण कोरियात ते शाळेच्या वर्गात शिरलं. १९९० नंतर तिथं ‘वांग्ता’ हा शब्द रूढ झाला. वांग्ता म्हणजे सगळ्यांनी मिळून एकटं पाडलेलं मूल.

असं का झालं? थोरल्यापुढं बोलायचं नाही, गटाबाहेर जायचं नाही, ही तिथली जुनी रीत. त्यात विद्यापीठ प्रवेशाची चढाओढ. शाळा सुटली की रात्रीपर्यंत शिकवणी. शेजारी बसणारं मूल मित्र न राहता स्पर्धक होतं. एकाचा छळ होताना बाकीचे गप्प बसतात, कारण बोललं तर उद्या आपली पाळी.

२००४ साली कायदा झाला. तरी डिसेंबर २०११ मध्ये देगू शहरात छळ सोसून एका शाळकरी मुलानं जीव दिला. त्याच्या चिठ्ठीनं देश हादरला. २०१२ पासून छळ करणाऱ्याच्या शालेय नोंदीत तसं लिहिलं जाऊ लागलं. मग ती नोंद टाळायला काही पालक कोर्टात गेले. शिक्षा वाढली, चढाओढ तशीच राहिली.

आपण मुलांना मार्क विचारतो. आज एवढंही विचारू: शाळेत जेवताना एकटं कोण बसलं होतं?