माउंड बायू : स्वतःचं गाव होतं, मत मात्र नव्हतं



"आपली स्वतंत्र वस्ती असती, तर अत्याचार झालेच नसते," असं आपले तरुण अनेकदा म्हणतात. ही मागणी आपल्या चळवळीचीच आहे. जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी ती पुन्हा मांडली. पण फक्त वस्ती पुरते का? याचं उत्तर अमेरिकेच्या दक्षिणेतलं एक शेतकरी गाव देतं.

मिसिसिपी राज्यातलं माउंड बायू १८८७ मध्ये वसलं. वसवणारे आयझाया मॉन्टगोमेरी आणि त्यांचे चुलतभाऊ बेंजामिन ग्रीन हे पूर्वी गुलाम होते. रेल्वे कंपनीची दलदलीची, जंगलाची जमीन कृष्णवर्णीयांनी विकत घेतली, झाडं तोडली, कापूस पिकवला. महापौर त्यांचा, दुकानं त्यांची, १९०४ पासून बँकही त्यांचीच.

आता दुसरी बाजू बघा. १८९० च्या मिसिसिपी घटना परिषदेत मॉन्टगोमेरी हे एकमेव कृष्णवर्णीय प्रतिनिधी होते. मतदानासाठी कर आणि वाचन-आकलनाची अट घालून कृष्णवर्णीयांचं मत काढून घेणाऱ्या तरतुदीला त्यांनीच पाठिंबा दिला. मत सोडलं तर गोरे शांत होतील, ही आशा! गाव टिकलं, पण राज्यभरातल्या कृष्णवर्णीयांचा मताधिकार कित्येक दशकं हिरावला गेला.

बाबासाहेबांनी हा सौदा कधीच केला नाही. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे आणि पुढे गोलमेज परिषदेत त्यांनी राजकीय हक्कच मागितले.

तरीही माउंड बायू वाया गेलं नाही. १९४२ मध्ये तिथे कृष्णवर्णीयांच्या संघटनेने स्वतःचं रुग्णालय उघडलं. तिथले शल्यविशारद डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड यांनी १९५१ मध्ये हक्कांसाठी संघटना उभारली. जिथे आम्हाला स्वच्छतागृह वापरू देत नाहीत तिथे पेट्रोल घेणार नाही, असा बहिष्कार त्यांनी पुकारला. १९५५ मध्ये १४ वर्षांच्या एमेट टिलच्या खुनाचा खटला चालला, तेव्हा साक्षीदारांना आसरा हॉवर्ड यांच्याच घरात मिळाला. पण गोऱ्या ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडलं. ज्यूरीची नावं मतदार यादीतून येत, आणि त्या यादीत कृष्णवर्णीय नव्हते. पुढे धमक्यांमुळे हॉवर्ड यांनाही मिसिसिपी सोडावं लागलं.

म्हणजे स्वतःच्या जमिनीने बोलायची हिंमत दिली, पण न्याय मिळवून द्यायला ती अपुरी पडली. जमीन मागा, वस्ती मागा. पण तिच्या बदल्यात मताचा एक कणही सोडू नका.