मराठी कादंबरीचा प्रारंभ आणि वाचकाचे अवधान : रत्नागिरी परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

कादंबरीच्या पहिल्याच परिच्छेदाने वाचकाचे मन वेधून घ्यावे, ही अपेक्षा आज इतकी रूढ झाली आहे की तिला स्वतंत्र इतिहास आहे याचा सहसा विचार होत नाही. आशय, व्यक्तिचित्रण आणि भाषाशैली यांच्या तुलनेत कादंबरीच्या प्रारंभाकडे अभ्यासकांचे लक्ष फारच कमी गेले आहे. वस्तुतः लेखकासमोर कोणता वाचक आहे आणि त्या वाचकाच्या हाती ग्रंथ पडतो की साप्ताहिकाचा हप्ता, यावर प्रारंभाचे स्वरूप बरेच अवलंबून असते. प्रस्तुत लेखात १८५७ ते १९८७ या कालखंडातील निवडक कादंबऱ्यांच्या आधारे, आणि विशेषतः जुन्या रत्नागिरी जिल्ह्याशी संबंध असलेल्या लेखकांच्या आधारे, या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. त्यापूर्वीचा अखंड जिल्हा येथे अभिप्रेत आहे.

नमनाची परंपरा

प्रारंभाविषयीचे भारतीय चिंतन कादंबरीहून कितीतरी जुने आहे. महाकाव्याचा आरंभ आशीर्वादाने, नमस्काराने किंवा वस्तुनिर्देशाने करावा, असे दंडीने सांगितले आहे. ज्या ग्रंथावरून मराठीतील या वाङ्मयप्रकाराला नाव मिळाले, त्या बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त मंगलाचरण आटोपल्यावर शूद्रक राजाची सभा येते. तेथे एक चांडाळकन्या पिंजऱ्यातील पोपट घेऊन येते आणि तो पोपट बोलू लागतो. वाचकाला खेचून घेणारा याहून प्रभावी आरंभ नंतरच्या काळातही क्वचितच सापडेल. म्हणजे ही क्लृप्ती आपण इंग्रजी नॉव्हेलकडून शिकलो, असे सरसकट म्हणणे बरोबर ठरणार नाही.

कोकणच्या लोकरंगभूमीवर मात्र वेगळी रीत दिसते. रत्नागिरीतील नमन-खेळे असोत वा दक्षिण कोकणातील दशावतार, मुख्य आख्यानाआधी गणपती येतो, संकासूर येतो, थट्टामस्करी होते. वगाला किंवा आख्यानाला सुरुवात होईपर्यंत रात्र बरीच सरलेली असते. प्रेक्षक उठून जाईल ही चिंता या रचनेत नाही, कारण प्रेक्षक गावचाच असतो. उलट, मागाहून येणाऱ्यांना जागा मिळावी एवढी सवड त्यात ठेवलेली असते. एकट्याने मुकाट्याने वाचणाऱ्या आणि केव्हाही पुस्तक मिटू शकणाऱ्या वाचकाशी व्यवहार करताना ही सवड उरत नाही. मुद्रणाने घडवलेला हा फरक मूलभूत आहे.

रिसबुडांची अडचण

बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या ग्रंथाचे पूर्ण शीर्षकच हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण हा विषय सांगून टाकते. दंडीच्या परिभाषेत तो वस्तुनिर्देश होय. येथे वाचकाचे मन वळवायचे आहे. त्याचे कुतूहल ताणून धरण्याची लेखकाला गरज वाटत नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) पासून मात्र अद्भुतरम्यतेचा प्रवाह सुरू झाला. त्या प्रवाहाचे सर्वांत प्रांजळ समर्थन नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’च्या (१८६८) प्रस्तावनेत केले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, आपल्या विवाहपद्धतीमुळे आणि इतर कारणांनी हिंदूंच्या आयुष्यात चित्तवेधक असे गुण वा दुर्गुण आढळत नाहीत. नित्याच्या अनुभवाविषयी लिहिले तर त्यात मनोरंजक असे काही असणार नाही, म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहायचा तर अद्भुताचा आश्रय घेणे भाग पडते.

हे विधान पुढील टीकाकारांनी बहुधा उपहासाने पाहिले. तो उपहास अनाठायी वाटतो. वाचकाचे अवधान कशाने मिळवावे, हा प्रश्न मराठीत इतक्या स्पष्टपणे त्यापूर्वी कोणी मांडला नव्हता. रिसबुडांचे उत्तर चुकले असेल, पण प्रश्न खरा होता. चारच वर्षांनी, १८७२ मध्ये, काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहून वास्तवाच्या बाजूने कौल दिला. १९०२ मध्ये वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुताचा पक्ष पुन्हा उचलून धरला. वाद असा तीस वर्षे चालू राहिला.

दरम्यान हरिभाऊ आपट्यांनी प्रत्यक्ष लेखनातून निराळे उत्तर दिले होते. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमू आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने, बालपणापासून सांगू लागते. पोपट नाही, राजसभा नाही. घरातील एक मुलगी बोलते आहे, एवढाच काय तो चमत्कार, आणि त्या काळी तो लहान नव्हता. शिवाय साप्ताहिकातील लेखकाला पहिल्या पानावरच सर्व काही पणाला लावण्याचे कारण नव्हते. वाचकाला ओढण्याचे काम हप्त्याच्या शेवटाकडे सोपवता येत होते. हप्त्यांची कादंबरी पुढे ग्रंथरूपाने आली तेव्हा तिचा संथ आरंभही तिच्याबरोबर आला, असे अनुमान करता येते.

इंग्रजीतही प्रारंभाच्या ठरावीक साच्यांची थट्टा होतच आली आहे. जी. पी. आर. जेम्स यांच्या आरंभीच्या एकाकी घोडेस्वाराचे विडंबन थॅकरे यांनी केले. बुल्वर-लिटन यांच्या ‘पॉल क्लिफर्ड’ (१८३०) मधील वादळी रात्र तर इतकी कुप्रसिद्ध झाली की १९८२ मध्ये अमेरिकेतील सॅन होजे येथील विद्यापीठात सर्वांत वाईट पहिल्या वाक्याची स्पर्धाच सुरू झाली.

रत्नागिरीचे लेखक

रत्नागिरीत वाचकवर्ग लवकर तयार झाला. येथील नगर वाचनालयाची स्थापना १८२८ ची, म्हणजे पहिल्या मराठी कादंबरीच्या जवळजवळ तीन दशके आधीची आहे. शिरोड्यास शिक्षक असताना वि. स. खांडेकरांनी ‘हृदयाची हाक’ (१९३०) पासून कादंबरीलेखन आरंभले. त्यांच्या दीर्घ प्रस्तावना हा जणू प्रारंभापूर्वीचा प्रारंभच होय, आणि त्या नमनाच्या परंपरेला अधिक जवळच्या आहेत.

दापोली तालुक्यातील पालगडच्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ची रचना या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. ‘प्रारंभ’ या प्रकरणात कथनाची बैठक घातली जाते आणि मग ‘रात्र पहिली’ सुरू होते. अशा बेचाळीस रात्री आहेत. हे पुस्तक कादंबरी आहे की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी श्रोत्यांना रोज नव्याने बोलावणारी ही योजना कीर्तनाची आणि हप्त्याची सांगड घालते हे नाकारता येणार नाही. पुढे काय होणार हे कुतूहल तीत जवळजवळ नाही. श्रोता परत येतो तो सांगणाऱ्यासाठी.

रिसबुडांना खरे उत्तर दिले ते त्याच तालुक्यातील मुर्डी येथे १९१३ मध्ये जन्मलेल्या श्री. ना. पेंडसे यांनी. ‘एल्गार’ (१९४९), ‘हद्दपार’ (१९५०) आणि ‘गारंबीचा बापू’ (१९५२) यांतून त्यांनी दापोली परिसरातील खेडी, तेथील मास्तर, खोत आणि भाऊबंदकी हाच विषय केला. ज्या जीवनात चित्तवेधक गुण-दुर्गुण नाहीत असे १८६८ मध्ये लिहिले गेले, तेच हे जीवन. ‘लव्हाळी’ (१९६६) मध्ये तर ते मुंबईतील एका कारकुनाच्या रोजनिशीपर्यंत उतरले; नित्याचा अनुभव याहून अधिक नित्याचा होऊ शकत नाही.

‘रथचक्र’ (१९६२) मध्ये त्यांनी नायिकेला नावच दिले नाही. कोकणातील एकत्र कुटुंबात राहणारी, नवऱ्याने टाकलेली आणि मुलांच्या शिक्षणासाठी धडपडणारी ती स्त्री ‘ती’ म्हणूनच वावरते. पुढच्याच वर्षी आलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त निवेदक आरंभीच आपले नाव आणि वय सांगून मोकळा होतो. एकाने नाव रोखून धरले, दुसऱ्याने ते पहिल्या झटक्यात टाकून दिले. दोन्हींमध्ये जुन्या पद्धतीच्या परिचयाला, म्हणजे कुळ, गाव आणि रूप यांच्या क्रमवार वर्णनाला, फाटा मिळाला. यांपैकी ‘कोसला’ची चर्चा अधिक झाली. ‘रथचक्र’मधील मौन मात्र तितके ऐकले गेले नाही. ज्या घरात सून ही केवळ अमक्याची बायको असते, तेथे तिचे नाव न उच्चारणे हेच सामाजिक वास्तव आहे आणि वाचकाच्या मनाला तीच टोचणी पहिल्यापासून लागते.

‘तुंबाडचे खोत’ (१९८७) मध्ये पेंडशांपुढची अडचण आणखी वेगळी होती. दोन खंड आणि खोत घराण्याच्या चार पिढ्या, असा तिचा विस्तार. ज्यांच्यासाठी वाचकाचा जीव पुढे तुटतो, त्यांतील अनेक जण कथेच्या आरंभी जन्मालाही आलेले नसतात. तेव्हा कोणा एका माणसावर वाचकाचे अवधान खिळवून भागत नाही. जगबुडीच्या काठचे ते घर आणि त्याची जमीन यांच्याशीच त्याला प्रथम बांधून घ्यावे लागते.