वेळापत्रकातला वाचक

ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याचा दिवस बराचसा ठरलेला असतो. आधी व्याख्याने, मग तालिकीकरणाचे प्रात्यक्षिक, आणि उरलेल्या वेळात पुस्तकांची शीर्षके पुढे घेऊन वर्गांक काढण्याचा सराव. या सगळ्यात एक माणूस क्वचितच भेटतो, तो म्हणजे पुस्तक मागायला आलेला वाचक. विषयच रुक्ष आहे, त्याला कोण काय करणार, असे यावर म्हटले जाते. मला ते पटत नाही. आपल्याकडे या शिक्षणाच्या दोन परंपरा होत्या. विद्यापीठांनी त्यांतली एक उचलली आणि दुसरी गावाकडे सोडून दिली.

ग्रंथपाल घडवणारी मूळ शाळा अमेरिकेतली. मेल्विल ड्युई यांनी ती ५ जानेवारी १८८७ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात उघडली. पहिल्या तुकडीतल्या वीस जणांत सतरा स्त्रिया होत्या आणि विश्वस्तांना नेमके तेच खपले नाही. वर्गखोली नाकारली गेली, म्हणून शाळा एका अडगळीच्या खोलीत भरली आणि १८८९ मध्ये तिला ऑल्बनीला बिऱ्हाड हलवावे लागले. तिथल्या दिनक्रमात ‘ग्रंथालयी अक्षर’ गिरवणेही होते. लिहिणाऱ्याचे स्वतःचे वळण ज्यात उरत नाही असे ते स्वच्छ, एकसारखे अक्षर. आज हा कित्ता हास्यास्पद वाटेल. पण अनेक हातांनी लिहिलेली पुस्तकांच्या नोंदींची कार्डे एकाच खणात लागत आणि ती चाळणाऱ्याला कुठेही अडखळावे लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. त्या घोटण्यातही वाचक होताच, फक्त तो पाठमोरा होता.

बडोद्यात मात्र तो समोर उभा होता. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मग शाळा सुटलेल्या पोरांनी पुढे वाचायचे काय, हा प्रश्न ओघानेच आला. त्यासाठी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावण्यात आले. त्यांनी १९११ मध्ये काढलेला वर्ग हा देशातला अशा शिक्षणाचा आरंभ मानला जातो. बॉर्डन यांनी ड्युई आणि कटर यांच्या वर्गीकरण-पद्धतींचा मेळ घालून बडोद्यासाठी वेगळे वर्गीकरणही रचले, म्हणजे शास्त्राचे तिथे वावडे नव्हते. पण त्या वर्गाच्या भोवती जे खाते उभे राहत होते, ते पाहावे. लाकडी पेट्यांतून गावोगाव फिरणारी पुस्तके, स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी निराळी सोय, निरक्षरांसाठी चित्रदीप. गावकऱ्यांनी जेवढी रक्कम जमवायची, तेवढीच सरकारने आणि तेवढीच पंचायतीने घालायची. १९१२ पासून निघालेल्या ‘लायब्ररी मिसलनी’ या खात्याच्या नियतकालिकात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठीही होती. अशा ठिकाणी शिकणाऱ्याला वाचक विसरायचा म्हटले तरी विसरता आला नसता.

विद्यापीठाची वाट मद्रासहून निघाली. गणिताचे प्राध्यापक असलेले शि. रा. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९२९ मध्ये तिथल्या ग्रंथालय संघाने वर्ग काढला, दोन वर्षांनी तो विद्यापीठाने घेतला आणि १९३७ मध्ये त्याची पदव्युत्तर पदविका झाली. रंगनाथनांच्या द्विबिंदू वर्गीकरणातले एक प्रसिद्ध उदाहरण घ्या: भारतात १९५० मध्ये झालेले, फुफ्फुसाच्या क्षयावरील क्ष-किरण उपचारांचे संशोधन. यातला अवयव, रोग, उपचार, देश आणि काळ सुटे करून क्रमाने एका अंकात गुंफायचे. बुद्धीला ही मेजवानीच, आणि विद्यार्थ्याचे तास यात का जातात तेही लगेच कळते.

यावर कोणी म्हणेल, रंगनाथनांच्या १९३१ च्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांचा गाभा वाचकच नाही का? आहेच, आणि त्यांच्यावर वाचकाच्या विस्मरणाचा आरोप करणे अन्यायाचे होईल. गफलत परीक्षेत झाली. वर्गांक बरोबर की चूक, हे उत्तरपत्रिकेवर तपासता येते. बुजलेल्या वाचकाला हवे ते नेमके काय, हे ओळखण्याला गुण कसे देणार? जे तपासता येते तेच वेळापत्रकात वाढत गेले. म्हणून तर संगणक येऊन बसल्यावरही कित्येक ठिकाणी साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरच्या कार्डावर नोंदी करण्याचा सराव टिकला, आणि त्यामागचा कार्ड चाळणारा माणूस तेवढा गेला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बडोद्याच्या वाटेने कामाला हुशार सेवक मिळाले असते, पण विद्यापीठात विभाग, प्राध्यापकपद आणि बरा पगार मिळाला नसता. हे मान्य करावे लागते. प्रतिष्ठा शास्त्राला मिळते, देवघेवीच्या खिडकीला नाही. पण ही किंमत कोणी मोजली तेही पाहिले पाहिजे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्रात अनुदानित वाचनालयांचे जाळे पसरले, आणि त्यांतल्या सेवकांसाठी जिल्हा ग्रंथालय संघांचे प्रमाणपत्र वर्ग आहेत. बडोद्याचा वारसा शोधायचा तर तो इथे सापडतो. तिथे येणारा अनेकदा आधीपासूनच एखाद्या वाचनालयात काम करत असतो. वर्गीकरण तो नव्याने शिकतो. पण संध्याकाळी वर्तमानपत्रासाठी कोण येतो आणि कादंबरीचा पुढचा भाग कोणाला हवा आहे, हे त्याला शिकवावे लागत नाही. पदव्यांच्या उतरंडीत मात्र हा वर्ग अगदी तळाला आहे.